बटेरांचे खाद्य, विकरे आणि अंडी उत्पादन

शेतीला पूरक व्यवसाय म्हणून देशाच्या अनेक भागांत जपानी बटेरपालनाने गेल्या काही दशकांत जम बसविला आहे. अल्प जागा, थोडे भांडवल आणि सहा ते सात आठवड्यांत सुरू होणारे अंडी उत्पादन ही या व्यवसायाची बलस्थाने होत. मात्र बटेरपालनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ६० ते ७० टक्के खर्च एकट्या खाद्यावर होतो, आणि व्यवसायाचा नफा-तोटा बहुतांशी तेथेच ठरतो. मका आणि सोयाबीन पेंड या दोन प्रमुख घटकांचे भाव वाढले की लहान पालकाचे गणित कोलमडते.

अशा वेळी खाद्यात मिसळावयाच्या विकरांचे, म्हणजेच एन्झाइमचे, पुडे बाजारात पालकाच्या समोर येतात. ‘चिमूटभर भुकटी मिसळा आणि अंडी वाढवा’ अशा स्वरूपाचे आश्वासन त्यांच्याबरोबर अनेकदा दिले जाते. विकरांचा उपयोग शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला आहे यात शंका नाही. परंतु ती अंडी वाढविणारी औषधे नव्हेत. ती कोणत्या परिस्थितीत लाभ देतात आणि कोणत्या परिस्थितीत पैसे वाया जातात, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

भारतातील बटेरपालन

जपानी बटेर हा लाव्ह्याच्या कुळातील पाळीव पक्षी होय. भारतात तो १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून आणण्यात आला आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळील इज्जतनगर येथे त्याच्यावर संशोधन सुरू झाले. १९७९ मध्ये इज्जतनगर येथेच केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेने मांसासाठी आणि अंड्यांसाठी बटेरांचे अनेक सुधारित वाण विकसित केले. ‘कॅरी उत्तम’, ‘कॅरी उज्ज्वल’, ‘कॅरी श्वेता’ आणि अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेला ‘कॅरी पर्ल’ हे त्यांपैकी काही वाण होत. दक्षिणेत तामिळनाडू राज्याने या व्यवसायात आघाडी घेतली असून तेथील नंदनम आणि नामक्कल या केंद्रांची नावे बटेरांच्या वाणांशी जोडली गेली आहेत.

या व्यवसायाने कायद्याच्या अडचणीही अनुभवल्या आहेत. रानातील लाव्ह्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जपानी बटेरांच्या नव्या फार्मना परवाने देण्यावर निर्बंध आणले आणि हजारो पालक संभ्रमात पडले. २०१३ मध्ये हे निर्बंध दूर करण्यात आले. रानातील लाव्हे पकडणे अथवा विकणे हा मात्र गुन्हाच आहे. पाळीव जपानी बटेर आणि रानातील लाव्हा यांतील हा भेद पालकांनी व ग्राहकांनीही लक्षात ठेवावयास हवा.

लहान देह, मोठी गरज

विकरांचे काम समजण्यासाठी प्रथम या पक्ष्याच्या गरजा पाहणे आवश्यक आहे. बटेराची अंडी १७ ते १८ दिवसांत उबतात. पिल्लाचे वजन जेमतेम सात ते आठ ग्रॅम असते. सहा ते सात आठवड्यांची मादी अंडी देऊ लागते आणि चांगल्या व्यवस्थापनात वर्षभरात २५० ते ३०० अंडी देते. प्रौढ मादीचे वजन सुमारे १५० ते २०० ग्रॅम आणि अंड्याचे वजन सुमारे दहा ग्रॅम असते. कोंबडीचे अंडे तिच्या वजनाच्या साधारण तीन टक्के असते, तर बटेराचे अंडे मादीच्या वजनाच्या पाच ते आठ टक्के भरते. शरीराच्या मानाने पाहता बटेर मादी कोंबडीपेक्षा कितीतरी अधिक भार वाहते.

हा भार तिला रोजच्या सुमारे २५ ग्रॅम खाद्यातून पेलावा लागतो. त्यामुळे तिचे खाद्य सकस असावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि आजही आधारभूत मानल्या जाणाऱ्या प्रमाणांनुसार, अंडी देणाऱ्या बटेरांच्या खाद्यात २० टक्के प्रथिने, किलोमागे २,९०० किलोकॅलरी ऊर्जा, २.५ टक्के कॅल्शियम आणि ०.३५ टक्के उपलब्ध स्फुरद असावे. येथे ‘उपलब्ध’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खाद्यात किती स्फुरद आहे यापेक्षा त्यातले किती पक्ष्याच्या शरीरात शोषले जाते, हा खरा प्रश्न होय.

कॅल्शियमचे उदाहरण घेतल्यास ही गरज किती काटेकोर आहे ते ध्यानात येते. बटेराच्या दहा ग्रॅमच्या अंड्याचे कवच सुमारे ०.८ ग्रॅम भरते आणि त्यात जवळजवळ ०.३ ग्रॅम कॅल्शियम असते. २५ ग्रॅम खाद्यातून २.५ टक्के प्रमाणाने मादीला दिवसाला ०.६ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. म्हणजे खाल्लेल्या कॅल्शियमचा निम्मा वाटा एका अंड्याच्या कवचातच जातो. उरलेल्या व्यवहारात हाडे आणि स्फुरद यांची भूमिका येते. मादी आपल्या हाडांत कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र साठविते व कवच बनविताना त्या साठ्यातून कॅल्शियम काढते. स्फुरद कमी पडल्यास हा साठा पुन्हा भरून निघत नाही. परिणामी पाय दुबळे होतात, कवच पातळ होते आणि पुढे अंडी घटतात.

धान्यात असूनही न मिळणारे स्फुरद

मका, सोयाबीन पेंड, भाताचा कोंडा, शेंगदाणा पेंड अशा वनस्पतिजन्य घटकांत स्फुरद भरपूर असते. परंतु त्याचा मोठा भाग, साधारणतः दोन तृतीयांश, फायटेट या स्वरूपात बांधलेला असतो. बियाण्याला अंकुर फुटताना लागणारे स्फुरद साठवून ठेवण्याची ही निसर्गाची व्यवस्था आहे. बी रुजताना त्यातील विकर जागे होते आणि हे कुलूप उघडते. पक्ष्याच्या आतड्यात मात्र हे कुलूप उघडणारे विकर पुरेसे तयार होत नाही.

भाताच्या कोंड्याचे उदाहरण बोलके आहे. त्यात एकूण स्फुरद सुमारे दीड टक्का असते, पण पक्ष्याला सहज उपयोगी पडणारा भाग त्यातला ०.२ टक्क्याच्या जवळपासच असतो. मक्यात एकूण स्फुरद पाव टक्क्याहून थोडे अधिक असते आणि उपलब्ध भाग ०.१ टक्क्याहूनही कमी असतो. उरलेले स्फुरद विष्ठेतून बाहेर पडते.

फायटेटमुळे होणारी हानी एवढ्यावर थांबत नाही. फायटेट आतड्यात कॅल्शियम, जस्त आणि लोह यांनाही आपल्याकडे बांधून ठेवते, तसेच काही प्रथिनांचे पचन मंदावते. म्हणून खाद्य तयार करणारे डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे व्यवहारातील ‘डीसीपी’, मिसळून तूट भरून काढतात. डीसीपी हा खाद्यातील महाग घटकांपैकी एक आहे. त्यासाठी लागणाऱ्या खनिज फॉस्फेटच्या बाबतीत भारत मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. धान्यातच असलेले स्फुरद वाया घालवून परदेशातून आलेले स्फुरद विकत घ्यावयाचे, अशी ही विसंगती आहे.

विकरांचा शोध आणि वापर

विकरे ही प्रथिनेच होत. प्रत्येक विकर एका ठरावीक पदार्थावर काम करते आणि त्याचे लहान तुकडे करते. पक्ष्याचे शरीर पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचविणारी विकरे स्वतः तयार करते. जे काम शरीराच्या विकरांना जमत नाही, ते बाहेरून दिलेल्या विकरांकडून करून घेणे, ही खाद्य विकरांमागील मूळ कल्पना आहे.

अमेरिकेत टी. एस. नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९७१ या काळात बुरशीपासून मिळविलेले फायटेज हे विकर वापरून कोंबडीच्या पिल्लांना फायटेटमधील स्फुरद मिळवून देता येते, हे दाखवून दिले. परंतु विकर तयार करण्याचा खर्च त्या वेळी परवडणारा नव्हता. दुसरीकडे युरोपात बार्लीवर वाढणाऱ्या कोंबड्यांची चिकट विष्ठा ही मोठी डोकेदुखी होती. त्यावर उपाय म्हणून १९८४ मध्ये फिनलंडमध्ये बार्लीतील चिकट घटक तोडणारे विकर खाद्यात व्यापारी तत्त्वावर वापरले जाऊ लागले. फायटेज १९९१ मध्ये बाजारात आले. नेदरलँड्ससारख्या देशांत जनावरांच्या खतातून जमिनीत व पाण्यात जाणाऱ्या स्फुरदावर कडक नियम आल्याने त्याला मागणी मिळाली. पुढे जनुक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने बुरशी, यीस्ट आणि जिवाणूंकडून ही विकरे मोठ्या प्रमाणात बनू लागली, किमती उतरल्या आणि आज जगभरातील कुक्कुट खाद्यात फायटेज हा नित्याचा घटक झाला आहे.

कोणत्या घटकासाठी कोणते विकर

बाजारात मिळणाऱ्या पुड्यात एकच विकर असू शकते अथवा अनेकांचे मिश्रण असू शकते. आपल्या खाद्यात जे घटक आहेत त्यांच्याशी जुळणारे विकर निवडले तरच खर्च भरून निघतो.

फायटेज हे फायटेटमधील स्फुरद मोकळे करते. वनस्पतिजन्य घटकांवर आधारलेल्या प्रत्येक खाद्यात फायटेट असल्यामुळे या विकराला काम हमखास मिळते.

झायलनेज हे गहू, गव्हाचा कोंडा आणि राय यांतील चिकट तंतुमय घटक तोडते, तर बीटा-ग्लुकनेज हे बार्ली आणि ओटमधील. हे घटक आतड्यात फुगून लापशीसारखे होतात व पाचक रसांना अन्नापर्यंत पोहोचू देत नाहीत. गव्हाचे प्रमाण अधिक असलेल्या खाद्यात झायलनेजचा लाभ ठळक दिसतो. भारतात प्रामुख्याने मका, बाजरी, ज्वारी अथवा तांदळाची कणी वापरली जाते. मक्यात असा चिकटपणा फारसा नसतो. त्यामुळे युरोपातील गव्हाच्या खाद्यावर मिळालेला फायदा मक्याच्या खाद्यावर तेवढाच मिळेल, ही अपेक्षा चुकीची ठरते.

मॅननेज हे ग्वारीच्या पेंडीतील गोंदासारख्या घटकावर उपयुक्त आहे. राजस्थान व हरियाणातून येणारी ग्वार कोर्मा प्रथिनांच्या दृष्टीने चांगली असली तरी तिच्यातील उर्वरित गोंदामुळे तिचा वापर मर्यादित ठेवावा लागतो. अल्फा-गॅलॅक्टोसायडेज सोयाबीनमधील न पचणाऱ्या शर्करांवर काम करते, तर प्रोटिएज प्रथिनांच्या पचनाला हातभार लावते.

अलीकडच्या काळात या निवडीला नवे महत्त्व आले आहे. सोयाबीन पेंडीचे भाव कडाडल्याने केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयाबीन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली होती. पुढे इथेनॉलसाठी मक्याचा वापर वाढला आणि एकेकाळी मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये मक्याचा निव्वळ आयातदार ठरला. इथेनॉल कारखान्यांतून मिळणारा मका व तांदळाचा सुका चोथा, ज्याला खाद्य व्यवसायात ‘डीडीजीएस’ म्हणतात, तो आता पक्ष्यांच्या खाद्यात येऊ लागला आहे. त्यात तंतुमय पदार्थ अधिक असतात. कोंडा, सूर्यफूल पेंड आणि हा चोथा यांसारखे स्वस्त घटक जसजसे वाढतील, तसतसे योग्य विकरांचे महत्त्वही वाढेल. तथापि विकर बुरशीजन्य विष नष्ट करीत नाही. ओलसर किंवा बुरशी आलेला चोथा वा पेंड विकर घालून सुरक्षित होत नाही.

अंडी खरोखर वाढतात काय?

या प्रश्नाचे उत्तर खाद्य मुळात कसे आहे यावर अवलंबून आहे. बटेरांवरील प्रयोगांची रचना पाहिली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. अशा प्रयोगांत साधारणतः पक्ष्यांचे चार गट करतात. पहिल्या गटाला पुरेसे स्फुरद असलेले खाद्य, दुसऱ्याला तेच खाद्य अधिक विकर, तिसऱ्याला स्फुरद कमी केलेले खाद्य आणि चौथ्याला कमी स्फुरदाचे खाद्य अधिक विकर, अशी ही मांडणी असते.

तिसऱ्या गटात स्फुरदाची तूट लक्षणीय असल्यास अंडी कमी होतात, कवच पातळ होते आणि हाडांतील खनिजांचे प्रमाण घटते. चौथ्या गटात विकरामुळे उत्पादन पुन्हा पहिल्या गटाच्या जवळ येते. दुसऱ्या गटात, म्हणजे जेथे आधीच सर्व काही पुरेसे आहे तेथे, विकरामुळे अंड्यांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. कारण उघड आहे. मादीच्या अंडी देण्याच्या क्षमतेची मर्यादा तिच्या वाणाने, वयाने आणि प्रकाशाने ठरते. पोषणाची गरज भागल्यावर अधिक पोषण देऊन ती मर्यादा ओलांडता येत नाही.

तंतुमय पदार्थ तोडणाऱ्या विकरांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होते. कोंडा व दुय्यम पेंडी यांचे प्रमाण जास्त असल्यास त्यांच्यामुळे ऊर्जा अधिक मिळते आणि तेवढ्याच अंड्यांसाठी लागणारे खाद्य काही अंशी कमी होते. चांगल्या मका-सोयाबीन खाद्यात हा लाभ मर्यादित असतो. सारांश, विकराचा नफा पुष्कळदा टोपलीतील अंड्यांत न दिसता खाद्याच्या खर्चात दिसतो.

म्हणून विकर वापरण्याच्या दोन पद्धती मानल्या जातात. पहिलीत तयार खाद्यात काहीही न बदलता वरून विकर घालतात. खाद्य सकस असेल तर या पद्धतीत खर्च वाढतो आणि लाभ अल्प मिळतो. दुसरीत विकरापासून मिळणारे स्फुरद वा ऊर्जा हिशेबात धरून खाद्याचे सूत्रच बदलतात, म्हणजे डीसीपी कमी करतात अथवा महाग घटकाच्या जागी काही प्रमाणात स्वस्त घटक घेतात. खरी बचत या दुसऱ्या पद्धतीत आहे. धोकाही तिच्यातच आहे.

हिशेब कसा मांडावा

फायटेजची ताकद ‘एफटीयू’ या एककात मोजतात. ठरावीक परिस्थितीत एका मिनिटात फायटेटपासून एक मायक्रोमोल स्फुरद मोकळे करणारी विकराची मात्रा म्हणजे एक एफटीयू. अंडी देणाऱ्या पक्ष्यांच्या खाद्यात किलोमागे ३०० ते ५०० एफटीयू ही मात्रा प्रचलित आहे. पुड्यावर ग्रॅममागे ५,००० एफटीयू असे लिहिलेले असल्यास एक टन खाद्यासाठी ५०० एफटीयूच्या मात्रेने केवळ १०० ग्रॅम भुकटी पुरते. एक हजार बटेरांना दिवसाला २५ किलो खाद्य लागते. याचा अर्थ एक टन खाद्य त्यांना ४० दिवस जाते आणि त्या ४० दिवसांसाठी १०० ग्रॅम विकर पुरेसे होते.

या मात्रेतून साधारणपणे ०.१ टक्का उपलब्ध स्फुरद मिळते असे धरले जाते. टनामागे हे एक किलो स्फुरद झाले. डीसीपीमध्ये सुमारे १८ टक्के स्फुरद असते, म्हणून एक किलो स्फुरदासाठी साडेपाच किलो डीसीपी लागते. १०० ग्रॅम विकराची किंमत साडेपाच किलो डीसीपीच्या किमतीपेक्षा कमी असेल तर विकर वापरणे फायद्याचे, इतका हा हिशेब सोपा आहे. डीसीपीमधून काही कॅल्शियमही मिळत असते. ते कमी झाल्यावर तेवढे कॅल्शियम चुनखडी वा शिंपल्याच्या भुग्यातून देणे विसरू नये.

डीसीपी पूर्णपणे काढून टाकण्याची चूक मात्र महागात पडते. मका-सोयाबीन खाद्यातून बटेराला मिळणारे उपलब्ध स्फुरद ०.१२ ते ०.१५ टक्क्याच्या आसपास असते. गरज ०.३५ टक्क्याची असते. विकराने ०.१ टक्क्याची भर पडली तरी तूट शिल्लक राहतेच. शिवाय पुडा जुना अथवा उष्णतेने निकामी झालेला असेल तर तीही भर पडत नाही. अशा वेळी पहिले काही दिवस सर्व काही ठीक भासते, कारण मादी हाडांतील साठा वापरत असते. त्यानंतर अंडी घटू लागतात आणि पाय लुळे पडलेल्या माद्या पिंजऱ्यात दिसू लागतात. लहान पालकासाठी हे नुकसान विकरातून होणाऱ्या वर्षभराच्या बचतीपेक्षा मोठे ठरू शकते. म्हणून सूत्रातील बदल पशुवैद्यक अथवा पोषणतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.

मिसळण्याची व साठवणुकीची दक्षता

एक टनात १०० ग्रॅम म्हणजे दहा हजारांत एक भाग. ही भुकटी थेट ढिगावर टाकून फावड्याने हलविली तर काही पक्ष्यांना ती मिळतच नाही. योग्य रीत पायऱ्यापायऱ्यांची आहे. विकराची भुकटी प्रथम एक किलो बारीक दळलेल्या मक्यात नीट मिसळावी. हे मिश्रण दहा किलो खाद्यात, ते पुढे शंभर किलोंत आणि अखेरीस संपूर्ण खाद्यात एकजीव करावे.

विकर हे प्रथिन असल्याने उष्णतेने त्याची रचना बिघडते. दाणेदार खाद्य बनविताना वाफेचे तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि उष्णता न सोसणारी विकरे त्यात नष्ट होतात. भारतात बटेरांना बहुधा भरड्याच्या स्वरूपात खाद्य दिले जाते, ही या दृष्टीने अनुकूल बाब आहे. पुडा थंड, कोरड्या जागी ठेवावा, उघडल्यावर घट्ट बंद करावा आणि मुदत संपलेला माल घेऊ नये. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात ठेवलेला पुडा लेबलवरील ताकद टिकवील याची खात्री देता येत नाही. खनिज मिश्रणाबरोबर विकर कालवून दीर्घकाळ ठेवू नये.

कॅल्शियमची अतिरिक्त मात्राही फायटेजच्या कामात अडथळा आणते. फायटेज प्रामुख्याने गळ्यातील अन्नपिशवी आणि जठर यांच्या आम्लयुक्त वातावरणात काम करते. बारीक चुनखडीचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त झाल्यास तेथील आम्लता कमी होते आणि कॅल्शियम फायटेटशी घट्ट बांधले जाते. त्यामुळे कॅल्शियमचा काही भाग शिंपल्याच्या जाडसर चुऱ्यातून देणे हितावह असते. चुरा पेषणीत हळूहळू विरघळतो.

हाताळणारांनीही काळजी घ्यावी. विकराची धूळ श्वासातून गेल्यास काहींना दमा वा ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो. मिसळताना तोंडाला व नाकाला मास्क लावावा.

अंडी घटली तर प्रथम काय पाहावे

अंडी कमी होताच विकराचा पुडा आणणे हा योग्य क्रम नव्हे. उत्पादन घटण्याची बहुतेक कारणे खाद्यात विकर नसण्याशी संबंधित नसतात.

बटेर मादीला पूर्ण उत्पादनासाठी दिवसाकाठी सुमारे १६ तास प्रकाश लागतो. हिवाळ्यात दिवस लहान झाल्यावर अथवा वीज वारंवार जात असल्यास अंडी झपाट्याने घटतात. उन्हाळ्यात शेडमधील तापमान ३२ अंशांच्या वर गेल्यास पक्षी खाणे कमी करतात व कवच पातळ होते. पाण्याच्या भांड्यात काही तास पाणी नसले तरी त्याचा परिणाम पुढील दिवसांत जाणवतो. मादीचे वय वाढले की उत्पादन स्वाभाविकपणे उतरते. खाद्यात बुरशी असल्यास अफ्लाटॉक्सिनमुळे यकृतावर परिणाम होतो. दाटी, आवाज, मांजर वा उंदरांचा वावर यांनीही माद्या बिथरतात. खाण्यासाठीच अंडी हवी असल्यास नरांची गरज नसते. तीन आठवड्यांनंतर छातीच्या पिसांवरून नर ओळखता येतात. नराची छाती तांबूस, तर मादीची ठिपकेदार असते. अनावश्यक नर वेळीच वेगळे केल्यास वाचणारे खाद्य हे कोणत्याही विकरापेक्षा मोठी बचत ठरू शकते.

खाद्याच्या सांडण्याकडेही लक्ष हवे. काठोकाठ भरलेल्या भांड्यातून बटेर चोचीने खाद्य उडवितात. भांडी अर्ध्यापेक्षा कमी भरणे व त्यांना आतल्या बाजूने काठ असणे, एवढ्या साध्या उपायानेही खर्च आटोक्यात येतो.

सुरक्षितता आणि पर्यावरण

विकरे संप्रेरके नव्हेत, तसेच प्रतिजैविकेही नव्हेत. इतर प्रथिनांप्रमाणे ती पक्ष्याच्या आतड्यात पचतात. त्यामुळे विकरयुक्त खाद्यावरील बटेरांची अंडी खाण्यास कोणतीही अडचण नाही. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालणे २००६ पासून बंद केले. भारतातही कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुखाद्यातील वापर २०१९ मध्ये प्रतिबंधित झाला. या पार्श्वभूमीवर पचन सुधारण्याचा निर्धोक मार्ग म्हणून विकरांकडे पाहिले जाते. मात्र विकर रोग बरा करीत नाही आणि लसीकरण वा स्वच्छतेची जागा घेत नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीने त्यांचे मोल वेगळे आहे. धान्यातील स्फुरद पक्ष्याच्या शरीरात गेले आणि डीसीपी कमी लागले, म्हणजे विष्ठेतून बाहेर पडणारे स्फुरदही कमी होते. बटेरांचे खत शेतीसाठी उत्तम असले तरी एका ठिकाणी मोठ्या संख्येने पक्षी असल्यास स्फुरद पावसाबरोबर ओढ्या-तळ्यांत जाते आणि तेथे शेवाळ माजते. नामक्कलसारख्या कुक्कुटपालनाच्या दाट पट्ट्यांत ही बाब महत्त्वाची आहे.

पालकांनी स्वतः पडताळून पाहावे

जाहिरातीवर अथवा शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबण्याऐवजी प्रत्येक पालकाला लहानसा प्रयोग करता येतो. एकाच वयाच्या व एकाच वाणाच्या माद्यांचे दोन समान गट करावेत. प्रकाश, पाणी, जागा आणि खाद्य दोन्हींना सारखेच असावे. एका गटाच्या खाद्यात विकर मिसळावे, दुसऱ्याच्या नाही. गटांतील पिंजरे शेडमध्ये आलटूनपालटून मांडावेत, म्हणजे उजेड व वारा यांचा फरक पडणार नाही. किमान आठ आठवडे रोजची अंडी, फुटकी अंडी, दिलेले व उरलेले खाद्य आणि मरतूक यांची नोंद ठेवावी.

नोंदींतून दोन आकडे काढावेत. पहिला, दर शंभर माद्यांमागे दिवसाची अंडी. पाचशे माद्यांनी चारशे अंडी दिली तर उत्पादन ८० टक्के झाले. दुसरा, डझनभर अंड्यांमागे लागलेले खाद्य. याच पाचशे माद्यांना साडेबारा किलो खाद्य लागले असेल तर डझनामागे ३७५ ग्रॅम खाद्य पडले. विकरामुळे अंडी तेवढीच राहून रोजचे खाद्य साडेबाराऐवजी बारा किलो झाले, तर महिन्याला १५ किलो खाद्य वाचते. त्याची किंमत विकराच्या महिन्याच्या खर्चाहून जास्त असेल तरच ते चालू ठेवावे.

बटेरपालन हा पैशापैशाच्या हिशेबावर चालणारा व्यवसाय आहे. सकस खाद्य, पुरेसा प्रकाश, स्वच्छ पाणी आणि नियमित नोंदी ही त्याची चतुःसूत्री होय. ही चतुःसूत्री पाळणाऱ्या पालकाच्या हाती विकर हे बचतीचे उपयुक्त साधन ठरते. ती नसल्यास महागातला महाग पुडाही टोपलीतील एक अंडे वाढवू शकत नाही.